'गेट डाउन' की 'गेट ऑफ'? फ्रेजल व्हर्ब कसे शिकावेत

दिवा लागतो, ठेच लागते, भूक लागते, गडी कामाला लागतो. 'लागणे'चा एकच अर्थ धरून बसलेल्याला यातलं निम्मं कळणार नाही. इंग्रजी फ्रेजल व्हर्बपाशी, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असा छोटा शब्द जोडून झालेल्या क्रियापदांपाशी, आपली गत तीच होते. 'पुट' माहीत, 'ऑफ' माहीत, पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकलणं हे त्या दोघांच्या बेरजेतून निघत नाही.

म्हणून पहिली पायरी: वहीत नुसतं क्रियापद लिहू नका, अख्खं वाक्य लिहा. वाक्यात काय किंवा कोण आहे, यावरच अर्थ ठरतो. अलार्म 'गोज ऑफ' म्हणजे वाजतो, दिवे 'गो ऑफ' म्हणजे जातात, आणि 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासलं. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्याला या शेवटच्या वाक्याची गरज पडायची नाही, पण ब्रिटनमध्ये ते रोजचं आहे.

मग मराठीतला जोड शोधा, शब्दाला शब्द न लावता. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणं, 'यूज अप' म्हणजे संपवून टाकणं. आपल्या 'टाकणे'त काही फेकलं जात नाही, तसं या 'अप'मध्ये काही वर जात नाही. काम पुरं झालं, एवढंच. हा नियम मात्र सगळीकडे ताणू नका. 'टर्न अप' म्हणजे उगवणं, तेही 'आज कुठं उगवलास?' यातलं. खासबागेच्या मैदानात पैलवान समोरच्याला अंगावर घेतो, ते 'टेक ऑन'. हार मानणं 'गिव्ह इन'. आणि 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणं, मग तो तंबाखूचा असो की कशाचा.

सगळ्यात जास्त चुका 'इट'च्या जागेत होतात. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ', दोन्ही चालतात. फॅनच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर'मध्ये मध्ये काहीच घुसत नाही: 'लुक आफ्टर हिम'. हे पाठ करत बसायची गरज नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या डिक्शनरीत 'टर्न समथिंग ऑफ' असं छापलेलं असतं, तर 'लुक आफ्टर समबडी' असं. 'समथिंग' कुठं आहे तेवढं बघायचं.

आता आपल्याकडच्या खास चुका. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, एसटीतून उतरलात तर 'गेट डाउन' नाही, 'गेट ऑफ'. रिक्षातून किंवा कारमधून उतरताना 'गेट आउट ऑफ'. 'आय पास्ड आउट इन 2019' हे आपल्याकडे पदवी मिळाली म्हणून चालतं. लंडनचा माणूस विचारेल, चक्कर कशानं आली? तिथं 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'निभावून नेणं' या अर्थानं म्हटल्या जाणाऱ्या 'कोप अप विथ'मधला 'अप' तर निव्वळ आगंतुक आहे. 'पुट अप विथ'वरून (सहन करणं) तो आला असावा. बरोबर रूप 'कोप विथ'.

'गेट'चे वीस अर्थ एका बैठकीत घोकू नका, ते एकमेकांत मिसळतात. आठवड्याला पाच पुरे, तेही वेगवेगळ्या क्रियापदांचे. वहीच्या डाव्या बाजूला मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी. उजवी बाजू झाकून तोंडानं म्हणा. म्हणताना 'टर्न इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर द्या, 'इट' हळूच जाऊ द्या. ऑफिसच्या अर्जात मात्र 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन' लिहिलेलं जास्त शोभतं.