घरी सिगार ठेवताना आर्द्रता कशी सांभाळावी

सिगार वाळला आहे की नाही हे बोटांना लगेच कळतं. मधोमध हलकेच दाबून पाहा. नीट ठेवलेला सिगार किंचित दबतो आणि बोट उचललं की पूर्ववत होतो. वाळलेला कुरकुरतो, जास्त दाबलात तर बाहेरचं पान तडकतं. सादळलेला सिगार मऊ लागतो आणि दबलेला भाग तसाच राहतो.

तंबाखूचं पान भोवतालच्या हवेतून ओलावा ओढून घेतं आणि हवा कोरडी असली की तो सोडून देतं. त्यामुळे सिगार जपायचा म्हणजे त्याच्या भोवतालची हवा जपायची. या हवेची सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकेल त्याच्या किती टक्के वाफ आहे, ते) 65 ते 70 टक्के आणि तापमान साधारण 18 ते 21 अंश सेल्सिअस असावं. आर्द्रता कमी पडली की पानातली सुगंधी तेलं हळूहळू उडून जातात, सिगार भराभर जळतो आणि धूर गरम, कडवट लागतो. जास्त झाली तर झुरका ओढताना जोर लावावा लागतो, एकच बाजू जळत जाते, मध्येच विझतो. 75 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला तर बुरशीचा धोका खूप वाढतो.

65 की 69, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. माझ्या मते या पट्ट्यातला कुठलाही आकडा चालतो, फक्त तो सारखा वरखाली होता कामा नये. पान ओलाव्याने फुगतं आणि कोरडेपणाने आक्रसतं. हे वारंवार झालं की सर्वांत पातळ असलेलं बाहेरचं पान आधी उकलतं.

पहिलं काम: मापक तपासून घ्या

पेटी घेण्याआधी चांगला डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मापक, घ्या. पेट्यांसोबत येणारे काट्याचे गोल मापक दिसतात सुंदर, पण त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. डिजिटल मापकही तपासल्याशिवाय वापरू नये. तपासणीला लागतं फक्त मीठ.

बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा. त्यावर थेंब-थेंब पाणी टाका. मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखं दाट व्हायला हवं. वर पाणी तरंगू लागलं तर ते टिपून घ्या. हे झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पारदर्शक पिशवीत शेजारी-शेजारी ठेवा. पिशवीत थोडी हवा राहू द्या, तोंड घट्ट बंद करा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. मिठाच्या अशा संपृक्त द्रावणावरची बंद हवा 75 टक्के आर्द्रतेवर येऊन स्थिरावते. घरातल्या नेहमीच्या तापमानाने त्यात फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी न उघडता आकडा वाचा. मापक 71 दाखवत असेल तर तो 4 ने कमी दाखवतो, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी 4 मिळवायचे. 10-12 चा फरक आला तर तो मापक बदललेलाच बरा.

पेटी कुठली?

मोजकेच सिगार असतील तर घट्ट झाकणाचा, वास नसलेला प्लास्टिकचा डबा उत्तम काम करतो. ह्युमिडोरपेक्षा, म्हणजे सिगार ठेवायच्या खास लाकडी पेटीपेक्षा, तो जास्त हवाबंद असतो, त्यामुळे सांभाळायला सोपा. लाकडी पेटीचं आकर्षण वेगळं, पण तिची कसोटी घ्या: अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च पेटवून झाकण बंद करा. फटीतून उजेड दिसला तर ओलावाही तिथूनच जाणार.

लाकडी पेटी आधी मुरवावी लागते. आतलं अस्तर बहुधा स्पॅनिश सीडरचं असतं; नाव सीडर असलं तरी ते झाड महोगनीच्या कुळातलं. नवं लाकूड कोरडं असतं. त्यात लगेच सिगार ठेवले तर ते सिगारांचाच ओलावा शोषून घेईल. म्हणून रिकाम्या पेटीत बशीभर डिस्टिल्ड वॉटर किंवा आर्द्रता 84 टक्क्यांवर राखणाऱ्या पुड्या (त्यांच्याविषयी पुढे) ठेवून झाकण लावा आणि साधारण दोन आठवडे वाट पाहा. लाकूड ओल्या फडक्याने पुसून हे काम लवकर उरकण्याचा सल्ला देणारे भेटतील. तसं करू नका, फळ्या वाकतात.

ओलावा कशाने द्यायचा?

नवशिक्याने दुतर्फा काम करणाऱ्या पुड्याच घ्याव्यात. बोव्हेडा या कंपनीच्या पुड्या सर्वांत परिचित आहेत. त्यांच्यामागचं तत्त्व मिठाच्या चाचणीचंच. वेगवेगळ्या क्षारांचं संपृक्त द्रावण हवा वेगवेगळ्या आकड्यांवर स्थिर ठेवतं, आणि पुडीचा पातळ पडदा फक्त वाफ आत-बाहेर जाऊ देतो. हवा कोरडी असेल तर पुडी ओलावा देते, दमट असेल तर शोषून घेते. प्लास्टिकच्या डब्याला 65 ची पुडी पुरते. लाकडातून थोडी गळती होतेच, म्हणून तिथे 69 किंवा 72 ची. पेटीत 25 सिगारांची जागा असेल तर 60 ग्रॅमची एक पुडी असा हिशेब धरा, आणि तो पेटीच्या मापावर करा, आत किती सिगार आहेत त्यावर नाही. पुडी कडक, खडबडीत लागू लागली की बदला.

स्पंज वापरत असाल तर त्यात नळाचं पाणी कधीही घालू नका. त्यातले क्षार छिद्रं बुजवतात. शिवाय स्पंज फक्त ओलावा देतो, जादा झालेला परत घेत नाही.

भरणं आणि जागा

पेटीचा चौथा हिस्सा मोकळा ठेवा, म्हणजे हवा खेळेल. मापक पुडीपासून लांब ठेवा, नाहीतर तो फक्त पुडीजवळची हवा मोजेल. सुगंध लावलेले सिगार वेगळ्या डब्यात ठेवा.

पेटी उन्हापासून, एसीच्या झोतापासून आणि फ्रिजच्या माथ्यावरून दूर हवी. तापमान 24 अंशांच्या वर राहू लागलं की तंबाखूच्या भुंग्याची अंडी फुटण्याचा धोका वाढतो. बाहेरच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं की समजा, किडीने आतून पोखरलं आहे. तो सिगार टाकून द्या. बाकीचे घट्ट पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान तीन-चार दिवस, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये आणि त्यानंतर बाहेर, अशा टप्प्यांनी न्या. एकदम गरम-गार केलंत तर पान फाटेल.

वाळलेले सिगार सावरताना

इथेही घाई नको. थेट 70 टक्क्यांत ठेवले तर बाहेरचं पान आधी फुगतं, आतला तंबाखू कोरडाच राहतो आणि पान चिरतं. आधी 62 च्या पुडीसोबत दोन-तीन आठवडे, मग 65, गरज वाटली तर 69. पोत परत येतो. उडालेली तेलं मात्र येत नाहीत.

घडी बसली की आठवड्यातून एकदा आकडा पाहा आणि महिन्यातून एकदा वरचे सिगार खाली, खालचे वर करा. तेव्हाच पानावर लवदार पांढरा किंवा हिरवट थर दिसतो का ते पाहून घ्या. ती बुरशी असते. पेटवायच्या टोकात ती शिरली असेल तर तो सिगार टाकून द्या, शेजारचे बाहेर काढून तपासा आणि पुडी एक पायरी खालची लावा.