मानलेल्या नात्यांची कादंबरी गोडमिट्ट होतेय? या चुका टाळा

युद्धानंतरचं लंडन, भाडेकरू ठेवणारी विधवा घरमालकीण, आईबाप गमावलेला पोरगा, आघाडीवरून परतलेला अबोल सैनिक. एवढी पात्रं जमवली की कादंबरीला आपोआप ऊब येईल असं वाटतं. येत नाही.

बहुतेक हस्तलिखितांत १९४५ला युद्ध संपतं आणि पुढच्याच प्रकरणात टेबल पदार्थांनी भरतं. प्रत्यक्षात युद्धात कधीच रेशनवर नसलेला पाव जुलै १९४६मध्ये रेशनवर आला. चहा १९५२पर्यंत, साखर १९५३पर्यंत, मांस तर जुलै १९५४पर्यंत मोजूनच मिळे. माझ्याच एका खर्ड्यात १९५०च्या वाढदिवसाला तीन थरांचा केक होता. तो काढला आणि घरातल्या प्रत्येकाला आपल्या वाट्याची साखर चमचा-चमचा द्यायला लावली. मेलेलं प्रकरण उठून बसलं.

दुसरी चूक संवादांची. ‘आता तुम्हीच माझं घर’ हे वाक्य दिसलं की खोडा. जेवणासह राहणारा भाडेकरू आपलं रेशनपुस्तक मालकिणीच्या हवाली करी. परक्या बाईच्या हाती आपला घास देणं, नातं तिथूनच सुरू होतं. काही घरांत प्रत्येकाच्या लोण्याची बशीही वेगळी असे. एके सकाळी पोराच्या बशीतलं लोणी कालच्यापेक्षा जास्त दिसतं, सैनिक कोरडा पाव चावत वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसलेला. बस्स, त्यावर एक शब्द बोलू नका.

थंडी नुसती वर्णनाला वापरू नका. १९४७च्या हिवाळ्यात कोळसा नव्हता, वीज जात होती. भाड्याच्या खोल्यांत गॅसच्या मीटरमध्ये नाणं टाकल्याशिवाय शेगडी पेटत नसे. एकाच खोलीत आग पेटली की न बोलणारी माणसंही तिथेच येणार. त्यांना एकत्र आणायला योगायोग कशाला हवा?

पोराचं आजारपण घालणार असाल तर तारीख आधी ठरवा. सरकारी आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ला सुरू झाली. त्याआधी ताप चढला तर डॉक्टरची फी कोण भरणार, हा त्या घरात खरा प्रश्न होता. नंतरचा प्रसंग असेल तर हा प्रश्न उपयोगाचा नाही. आणि हिशेब करताना विसरू नका, तेव्हा शिलिंगचे पेन्स बारा होते.

एवढं करूनही प्रकरण हलत नसेल, तर त्या घराच्या एका आठवड्याच्या सामानाची यादी करा आणि कुणी कुणाला काय दिलं ते पुढे लिहा. ज्या पात्राच्या नावापुढे काहीच येत नाही, ते घरात अजून आलेलंच नाही.