जवळच्या अभयारण्यात एक दिवस: चालायचं कमी, थांबायचं जास्त

घराजवळच्या अभयारण्यात जायचं ठरलं की सोबतचे पहिला प्रश्न विचारतात, ‘वाट किती किलोमीटरची आहे?’ मी विचारते, ‘आत किती वेळ राहता येईल?’ प्रवेशद्वार कधी उघडतं आणि कधी बंद होतं एवढं कळलं की दिवस आखता येतो. अंतर त्यावरून ठरवायचं, आणि ते बहुतेकांच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी निघतं.

कसं ते सांगते. नोकरीभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. डोंगरात चालणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला: तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशेब. जंगल बघत जायचं तर मी तासाला दीड किलोमीटर धरते. सहा तास हातात असतील तर त्यातले दोन बसण्यात जातात. उरले चार, म्हणजे जाऊन-येऊन ६ किलोमीटर. तेवढीच वाट निवडा. नकाशावर ती लहान दिसते म्हणून दुसरी जोडायचा मोह होतो, तो आवरा.

प्रवेशद्वार उघडताना तिथे हजर राहा. पक्ष्यांची धावपळ सकाळी सर्वांत जास्त असते, ऊन चढलं की ओसरते आणि संध्याकाळी पुन्हा थोडी वाढते. मधल्या वेळात जंगल रिकामं वाटलं तर नजर खाली आणा. फुलपाखरांना उडायला अंग तापवावं लागतं, म्हणून पक्षी गप्प होतात तेव्हा ती बाहेर पडतात. चतुर, सरडे, कोळी, झाडांच्या साली, दगडफूल यांच्यासाठी दुपार राखून ठेवा.

परतायची वेळ मात्र निघण्याआधीच कागदावर लिहा आणि घरी कुणाला तरी सांगा. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटं मोजायची, एका बोटाला पंधरा मिनिटं, अशी एक युक्ती सांगतात. ती सगळीकडे लागू पडत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि लांब केलेल्या हाताचं एक बोट जेमतेम २ अंश झाकतं. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, तिथे एका बोटाला आठ मिनिटंच धरा. तिथला संधिप्रकाशही लवकर संपतो. शिवाय झाडीत अंधार मोकळ्या जागेपेक्षा आधी होतो.

पाणी तासाला अर्धा लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. निम्मं संपलं की तिथूनच वळायचं, मग वाट कितीही उरलेली असो. खाणं असं घ्या की ते उघडताना आवाज होणार नाही. कुरकुरीत पाकिटं घरी रिकामी करून डब्यात भरा.

कपड्यांबद्दल लोक उगाच फार बोलतात. हरणांना लाल आणि केशरी रंग आपल्यासारखे ठळक दिसतच नाहीत. त्यांना हालचाल दिसते आणि वास येतो. पक्ष्यांचं उलट आहे, त्यांची रंगाची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते आणि बऱ्याच पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. म्हणून मळखाऊ रंग बरे. पण माझ्या मते रंगापेक्षा कापडाचा आवाज जास्त घात करतो. प्रत्येक पावलाला सरसरणारं जाकीट घालून कुणी सोबत आलं तर मी त्याला शेवटी चालायला लावते. बूट वापरून मऊ झालेले हवेत. अत्तर नको.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ घ्या. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागा: डोळ्यापाशी येणारी प्रकाशाची चकती सव्वापाच मिलिमीटरची. खिशात मावणाऱ्या १०×२५ला तीच अडीच मिलिमीटर. तरुण माणसाची बाहुली अंधारात सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते. (माझ्या वयात तेवढी उघडत नाही, तरी अडीचच्या पुष्कळ वर.) त्यामुळे पहाटे दाट झाडीत खिशातल्या दुर्बिणीतून पक्षी म्हणजे नुसती काळी आकृती दिसते. शिवाय दहापट मोठं दिसलं की हाताची थरथरही दहापट दिसते.

बहुतेक दुर्बिणींना उजव्या डोळ्याच्या भिंगापाशी एक कडी असते, तिला पुष्कळांनी कधी हातच लावलेला नसतो. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने लांबची एखादी पाटी स्पष्ट करा. मग डावा मिटा आणि ती कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. हे एकदाच करायचं, पुढे फक्त मधलं चाक. चष्मा लावत असाल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा खाली बसवा. पक्षी दिसला की मान खाली घालून दुर्बीण शोधू नका. नजर पक्ष्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत उचला. घरी खिडकीतून दहा-बारा वेळा सराव केला की हे जमतं.

फोन विमान मोडवर टाका. क्षीण नेटवर्क शोधण्यात बॅटरी संपते, आणि जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते उपग्रहांचे संदेश नुसतं ऐकत असतं. नकाशा मात्र घरीच उतरवून घ्या आणि प्रवेशद्वारावरच्या फलकाचाही फोटो काढा. प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहा. येताना जी वाट ओळखीची वाटते, ती परतताना वेगळीच दिसते.

आता आत. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा. आमच्यात ती मीच. माझा भाचा मागून ‘मावशी, चल ना’ म्हणत असतो, आणि एखादं हरीण नेमकं तो गप्प बसल्यावर दिसतं. चिमूटभर सुकी माती सोडून वारा बघा. शक्य असेल तिथे तो तोंडावर घेत चाला. पाठीवर असेल तर तुमचा वास तुमच्या आधी पोचलेला असतो.

दोनशे पावलं चाललं की उभं राहा. अर्धा दिवस गेला की एखादी जागा निवडून बसाच: पाणवठ्यापासून थोडं अंतर राखून, किंवा झाडी संपून गवत सुरू होतं तिथे. अशा कडेवर दोन्हीकडचे जीव येतात. झाडाला पाठ टेकवण्याआधी खोड आणि बुंधा तपासा, मुंग्यांच्या रांगेत बसण्यात मौज नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं काही होणार नाही. तुम्ही आलात ही बातमी खारींनी आणि पक्ष्यांनी पुढे दिलेली असते, ती शिळी व्हायला वेळ लागतो. याच वेळात मोबाइल बाहेर निघतो आणि लोक उठून चालू लागतात. बसून राहा. मग रोजचे आवाज परत येतात, आणि रोजचे आवाज कानांत बसले की बिघडलेला आवाज लगेच कळतो. बरेच छोटे पक्षी एकाच फांदीकडे तोंड करून कलकलाट करत असतील तर तिथे घुबड, शिकारी पक्षी किंवा साप असण्याची शक्यता मोठी. दुर्बीण त्या फांदीवर लावा.

जमीन वाचायला सकाळचं तिरपं ऊन लागतं. ठसा तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असे उभे राहा, म्हणजे कडांची सावली उठून दिसते. मांजरकुळातले प्राणी चालताना नख्या आत ओढून घेतात, त्यामुळे ठशात नखं उमटत नाहीत (चित्ता अपवाद). कुत्रा, कोल्हा, लांडगा यांची उमटतात. विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे असले तर ती मांसाहारी प्राण्याची. झाडाखाली पांढरे शिंतोडे आणि जवळच केसाहाडांची घट्ट गोळी पडलेली असेल तर ती बहुधा घुबडाने ओकून टाकलेली. वर एकदा बघा आणि निघा. दिवसा झोपलेल्या घुबडाखाली गर्दी करू नये. पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणं तर मुळीच नको. तो त्याला घुसखोर समजतो आणि घरटं, पिल्लं सोडून हद्द राखायला धावतो.

धोक्यांबद्दल थोडक्यात. ओंडका ओलांडताना आधी त्यावर पाय ठेवा, पलीकडे बघा, मग उतरा. डोळ्यांना दिसत नाही तिथे हात घालू नका. साप चावलाच तर घट्ट बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काही करायचं नाही. तो अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या उंच झाडाखाली आसरा घेऊ नका.

वाट चुकली असं वाटलं की थांबा. ‘सरळ चालत राहिलो की कुठेतरी निघूच’ हे खरं नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी जंगलात आणि वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगून पाहिलं. २००९ साली त्यांनी निष्कर्ष छापले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ गेली, दिसेनासा झाल्यावर गोल फिरली, आणि आपण गोल फिरतोय हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत आलेल्या वाटेनेच परता. तीही सापडत नसेल तर एका जागी बसून शिट्टी वाजवा. शिट्टी वजनाला काहीच नाही, ती घेतलीच पाहिजे.

फळांच्या साली ‘कुजून जातील’ म्हणून फेकू नका. त्यांना महिने लागतात, आणि तोवर प्राण्यांना माणसांच्या वाटेवर खाणं मिळायची सवय लागते. सगळं पिशवीतून परत आणा.

घरी आल्यावर आधी अंग तपासा: गुडघ्यांमागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली. गोचीड असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल किंवा आगकाडी लावू नका. मग नोंदी. काय दिसलं ते ई-बर्ड (पक्ष्यांसाठी) किंवा आय-नॅचरलिस्ट (सगळ्या जीवांसाठी) या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका, पण घरट्याचं नेमकं ठिकाण कुठेही जाहीर करू नका. काय दिसलं नाही तेही वहीत लिहा, कारण ओढा आटला, अमुक झाडाला या वेळी फुलं नाहीत, ही माहिती दुसऱ्या कुठल्या यादीत मिळणार नाही.

आणि पुढच्या महिन्यात नवी वाट शोधू नका, हीच घ्या. जंगल घराजवळ असण्याचा खरा फायदा तो. एक झाड ठरवून प्रत्येक वेळी त्याचा फोटो काढा. उभं राहायची जागा एखाद्या रुतलेल्या दगडाने पक्की करा आणि फोन आडवा धरायचा की उभा तेही लिहून ठेवा, नाहीतर दोन फोटो एकमेकांशेजारी ठेवले तरी जुळत नाहीत.