बेगलच्या दुकानात पहिल्यांदा जेवायला जाताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून न्यूयॉर्क-न्यू जर्सीत नव्याने आलात आणि घराजवळ बेगलचं, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल पावाचं, नवं दुकान उघडलं, तर डबा नसलेल्या दिवशी जरूर जा. मात्र साडेअकराच्या आत. ही दुकानं पहाटे उघडतात, बरीचशी दुपारी दोन-तीनला आवरतात. माल सकाळचा असतो. उशिरा गेलात की तीळवाले संपलेले असतात आणि उरलेले कडक झालेले.

वरण-बट्टीतली बट्टी आधी उकडून मग तळतात, तसा बेगल आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजतात. मिनिटभराच्या उकळीने वरचा स्टार्च आवळतो, म्हणून भट्टीत तो फार फुगत नाही. बाहेर चकचकीत पातळ कवच, आत दाट आणि चिवट. काही दुकानं उकळायचं टाळून वाफेच्या भट्टीत भाजतात. त्याचं कवच मऊ असतं, चावायला काहीच जोर लागत नाही. नव्या दुकानाची पारख करायची तर पहिल्या दिवशी साधा किंवा तिळाचा बेगल, टोस्ट न करता घ्या. टोस्ट केला की शिळा मालही खपून जातो.

काउंटरवर रांग थांबत नाही. एका दमात सांगायचं: कोणता बेगल, टोस्टेड की नाही, वर काय, इथे खाणार की नेणार. उदाहरणार्थ, ‘सेसमी, नॉट टोस्टेड, स्कॅलियन क्रीम चीज, लाइट, टू गो.’ म्हणजे तिळाचा, टोस्ट न केलेला, वर कांद्याची पात घातलेलं मऊ क्रीम चीज, तेही थोडंच, आणि बांधून. ‘लाइट’ विसरू नका, नाहीतर बोटभर जाडीचा थर मिळतो आणि बेगलची चव लागतच नाही. एक बेगल साधारण 100 ते 130 ग्रॅमचा असतो. दुपारी एकच पुरतो.

न्यूयॉर्क राज्यात अख्खा, न कापलेला बेगल घरी नेला तर विक्रीकर नाही. दुकानात कापून किंवा क्रीम चीज लावून घेतला की कर लागतो. शहरात तो 8.875 टक्के आहे. घरी कापताना बेगल हातात उभा धरू नका. आडवा ठेवा, तळवा वरून सपाट दाबा आणि दातेरी सुरी आडवी चालवा. तळहात कापला जातो तो बहुतेक घाईत हातात धरून कापल्यामुळेच.

शाकाहारी असाल तर इथे नीट वाचा. ‘लॉक्स’ म्हणजे खारवलेला सामन मासा, ‘व्हाइटफिश सॅलड’ही मासाच. ‘कोशर डेअरी’ (ज्यू आहारनियमांनुसार दुग्धजन्य) पाटी असेल तर मांस नसतं, पण मासे असू शकतात, कारण त्या नियमांत मासा मांसात धरत नाहीत. पिवळसर ‘एग बेगल’मध्ये अंडं असतं. आसियागो या इटालियन चीजमध्ये दूध घट्ट करायला परंपरेने वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. अंडं खात असाल, पण मांस नाही, तर एग-अँड-चीज (अंडं आणि चीज भरलेला बेगल) मागण्याआधी तव्याबद्दल विचारा. बऱ्याच ठिकाणी बेकनही (डुकराचं मांस) त्याच तव्यावर भाजतात. सुरी बदलायला सांगितलेलं कुणी वावगं मानत नाही.

माळकरी मंडळींनी ‘एव्हरीथिंग’ बेगल टाळावा. त्यावर तीळ, खसखस, मीठ यांसोबत कांदा-लसूणही असतो, आणि तो शेजारच्या टोपलीतल्या साध्या बेगलवरही सांडतो. तिखटाच्या आशेने हालापेन्यो (मेक्सिकन मिरची) बेगल घेणाऱ्या खानदेशी माणसाची निराशाच होते. त्यापेक्षा साध्या क्रीम चीजमध्ये घरचा हिरव्या मिरचीचा ठेचा कालवा. एका बेगलला चमचाभर पुरे. भरीत भरायचं असेल तर तेल निथळून घ्या, नाहीतर मधल्या भोकातून गळून शर्टावर येतं.

डझन घेतले तर अनेक दुकानं तेरावा फुकट देतात. पण दुसऱ्या दिवशीपर्यंत ते कडक होतात. फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका, तिथे स्टार्च अजून लवकर घट्ट होतो. त्याच दिवशी मधून कापा, पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाका, आणि लागेल तसा थेट टोस्टरमध्ये घाला. मायक्रोवेव्हमध्ये तो क्षणभर मऊ होतो आणि गार होताच चामड्यासारखा.

दुबईमार्गे गावी जाताना मात्र खसखसवाले बेगल सामानात नकोत. संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे.