टेनिसपटू मुलीने आठवडे कसे निवडावेत

ज्युनिअर गटात चमकलेल्या मुली आणि त्यांचे पालक भेटले की पहिला प्रश्न हमखास सर्व्हचा किंवा बॅकहँडचा असतो. मी बरीच वर्षं व्यावसायिक स्पर्धा खेळले, आता या मुलींना मार्गदर्शन करते. माझं ठाम मत आहे की सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत करिअर घडतं किंवा अडतं ते कोणत्या आठवड्यात कुठे खेळायचं यावर.

सुरुवात सगळ्यांची सारखीच. आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाकडे नोंदणी करून आयपिन हा खेळाडूचा ओळख क्रमांक घ्यायचा आणि डब्ल्यू१५ या सर्वांत खालच्या पायरीच्या महिला स्पर्धांना नाव द्यायचं. पुढे डब्ल्यू३५, ५०, ७५, १००, मग डब्ल्यूटीए या महिला टेनिस संघटनेच्या १२५ पासून १००० पर्यंतच्या स्पर्धा आणि चार ग्रँड स्लॅम. डब्ल्यूपुढचा आकडा म्हणजे एकेरी जिंकणारीचे गुण. ग्रँड स्लॅम जिंकणारीला २००० मिळतात, तेव्हा पायऱ्या किती उंच आहेत ते समजून घ्या. क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांत गुण हवेत किंवा एकूण किमान १०. चौदाव्या वर्षाआधी या स्पर्धा खेळता येत नाहीत, आणि अठरापर्यंत वर्षाला किती खेळायच्या यावर मर्यादा असते.

खरी गोम पुढे आहे. गुण ५२ आठवडे टिकतात. यंदा मार्चमध्ये डब्ल्यू३५ जिंकलात, की पुढच्या मार्चमध्ये ते ३५ गुण गळणार. नेमकं तेव्हा मनगट दुखत असेल तर क्रमवारी धाडकन खाली येते आणि ज्या स्पर्धांत थेट प्रवेश मिळत होता तिथे पुन्हा क्वालिफायिंग, म्हणजे आधीची पात्रता फेरी, खेळावं लागतं. म्हणून मी मुलींना एक वही करायला लावते: कोणते गुण कुठल्या आठवड्यात जाणार आहेत. ते जाण्याआधीच्या दोन महिन्यांत नवे कुठून येणार, हे त्याच पानावर लिहायचं.

आता यादीचा खेळ. नाव देण्याची मुदत स्पर्धेच्या सुमारे अडीच आठवडे आधी संपते आणि क्रमवारीनुसार यादी लागते: वर मेन ड्रॉवाल्या (थेट मुख्य फेरीत खेळणाऱ्या), खाली क्वालिफायिंगवाल्या, त्याखाली प्रतीक्षेतल्या. समजा तुम्ही प्रतीक्षेत नवव्या आहात. वरच्या मुली नावं मागे घेतील तसतसा तुमचा क्रमांक सरकतो, सातवा, पाचवा, तिसरा, आणि तिकडे विमानाचं तिकीट रोज महाग होत असतं. अशा वेळी मोठ्या स्पर्धेची वाट पाहायची की छोटीचा मेन ड्रॉ धरायचा? सलग पहिल्या फेऱ्यांत हरत असाल तर छोटी धरा. सामने जिंकण्याची सवय मोडू देऊ नका. पण डब्ल्यू१५ मध्ये दोनदा उपांत्य फेरी गाठली असेल तर तिथे रमू नका, वरच्या स्पर्धेचं क्वालिफायिंग खेळा. सोपे गुण गोळा करत खाली राहिलेल्या फार गुणी मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पैशाचं स्पष्टच सांगते. डब्ल्यू१५ चं एकूण बक्षीस १५,००० डॉलर, तेही एकेरी-दुहेरीच्या सगळ्या खेळाडूंत वाटलं जातं. वर बहुतेक ठिकाणी कर कापून हातात येतं. त्यामुळे ट्युनिशियातलं मोनास्तिर किंवा तुर्कस्तानातलं अंताल्या यांसारखी ठिकाणं निवडा, जिथे एकाच संकुलात लागोपाठ कित्येक आठवडे स्पर्धा असतात. प्रवास एकदाच होतो. दुहेरी कधी सोडू नका. खोलीचं भाडं जोडीदारणीबरोबर वाटलं जातं, नेटजवळचा खेळ सुधारतो. झेक खेळाडू बार्बोरा क्रेचिकोवा २०१८ मध्ये दुहेरीत अव्वल होती, २०२१ मध्ये तिने फ्रेंच ओपनची एकेरी जिंकली.

आर्थिकदृष्ट्या पहिलं खरं लक्ष्य म्हणजे ग्रँड स्लॅमचं क्वालिफायिंग. मुख्य फेरीत साधारण पहिल्या १०४ जणींना थेट प्रवेश असतो, क्वालिफायिंगमध्ये आणखी १२८ खेळतात. म्हणजे क्रमवारीत २३० च्या आसपास पोचलात की दार उघडतं. तिथे पहिल्याच फेरीत हरलेलीलाही डब्ल्यू७५ जिंकणारीपेक्षा जास्त पैसे मिळतात. वर्षाला अशा चार संधी मिळाल्या की कोच आणि फिजिओचा खर्च पेलवू लागतो. ब्रिटनच्या एमा रादुकानूने २०२१ ची यूएस ओपन क्वालिफायिंगपासूनच सुरू करून जिंकली. तो अपवाद खराच, पण दार तेच.

कोचबरोबर परगावी जाताना खोली वेगळीच हवी, आणि घरच्यांना रोजचा कार्यक्रम माहीत हवा. यात संकोच करू नका. सामन्याआधी कुणी अनोळखी माणूस दुखापतीची चौकशी करत असेल तर उत्तर देऊ नका. बऱ्याचदा तो सट्टेवाला असतो. पैशाची लालूच कुणी दाखवली तर आयटीआयए या टेनिसमधले गैरप्रकार रोखणाऱ्या संस्थेला लगेच कळवणं नियमानेच बंधनकारक आहे. हरल्यावर फोनवर शिव्यांचा पाऊस पडतो, त्यातही पैज हरलेलेच पुष्कळ असतात. त्या रात्री फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या.

अठराव्या वर्षी पहिल्या पाचशेत नाही म्हणून घाबरणाऱ्या पालकांना मी डॅनिएल कॉलिन्सचं उदाहरण देते. ती आधी अमेरिकेत विद्यापीठासाठी खेळली, पदवी घेतली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. जर्मनीची तात्याना मारिया दोन मुलींची आई. २०२५ मध्ये ३७ व्या वर्षी तिने लंडनच्या क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकली. बाळंतपणासाठी थांबलेल्या खेळाडूला परतताना जुन्या क्रमवारीवर प्रवेश मिळण्याची सोय आता नियमांतच आहे.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडाल तेव्हा विश्रांतीचे आणि नुसत्या सरावाचे आठवडे आधी लिहा, पेनने. स्पर्धा नंतर, पेन्सिलने.