रेंज जाणारा फोन: बदलून घ्यावा का?

कंपनीने ठरावीक आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) असलेले फोन रेंजच्या तक्रारीमुळे परत बोलावले, त्यात माझाही होता. तरी मी आठवडाभर थांबलो. चालता फोन देऊन दुसऱ्याची दुरुस्त केलेली डोकेदुखी घरी आणायची भीती वाटत होती.

शेवटी म्हटलं, आधी दोष कुणाचा ते पाहू. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल', मग सिमची स्थिती, तिथे सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे त्याची ताकद मोजायच्या एककात, दिसतो. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझा फोन उणे 114 दाखवत होता. तेच सिम बायकोच्या फोनमध्ये, त्याच खिडकीत, त्याच 4जीवर: उणे 95. कव्हर काढलं, नेटवर्क सेटिंग रीसेट केली, फरक शून्य. म्हणजे टॉवर ठीक, फोनच आजारी. कांड्या बघून हे कळलं नसतं. दोन्हीकडे किती कांड्या दाखवायच्या ते ज्याची त्याची कंपनी ठरवते.

मग मात्र बदलून घेतला. बॅकअप घेतला, व्हॉट्सॲपचा वेगळा घेतला, सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवलं, फोन पूर्ण रीसेट केला. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर एकच हट्ट धरला: जॉबशीटवर (कामाच्या पावतीवर) जुना आणि नवा दोन्ही आयएमईआय लिहा, वॉरंटीची तारीखही. ती मुलगी कुरकुरली, पण लिहून दिलं. नव्या फोनवर *#06# दाबून क्रमांक तिथेच जुळवला.

घरी त्याच खिडकीत उणे 96.