कप प्लांट लावताय? या चुका टाळा

जून उजाडला की इथल्या, इलिनॉयच्या, मराठी मंडळींपैकी कुणाचा तरी फोन येतोच. "तू दिलेलं बी उगवलंच नाही रे." कधी पेरलं होतंस? "मे महिन्यात." मग कसं उगवेल?

कप प्लांट हे प्रेअरीचं, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या भागातल्या गवताळ माळरानाचं, झाड. ओल्या थंडीत दोनेक महिने काढल्याशिवाय त्याचं बी जागं होत नाही. कुणी ते गरम पाण्यात भिजवतं, कुणी पॉलिश पेपरवर घासतं. थंडीची भरपाई असल्या युक्त्यांनी होत नाही. मी दिवाळीचा फराळ संपला की मोकळ्या मातीवर बी टाकतो, चपलेने दाबतो आणि बर्फाच्या हवाली करतो. विसरलातच, तर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओलसर वाळू, तीत बी, आणि डबा फ्रीजमध्ये. डब्यावर नाव मात्र लिहा. आमच्याकडे एका पाहुण्याने चमचा घालून झालाय.

दुसरी चूक माझीच. पहिल्या वर्षी या झाडाला ना फूल, ना खोड. जमिनीलगत नुसती खरबरीत पानं. त्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आले होते. रिकामं बसवेना, म्हणून खुरपं घेऊन मागच्या अंगणात. संध्याकाळी मी घरी आलो तर वाफा सारवल्यासारखा स्वच्छ, आणि चौदा रोपं कडेला ढिगात. "केवढं तण माजू दिलं होतंस!" त्यांना काय बोलणार? खूण मी लावली नव्हती. आता प्रत्येक रोपाशी आईस्क्रीमची काडी असते. फूल दुसऱ्या, नाहीतर तिसऱ्या वर्षी. तेवढा धीर नसेल तर झेंडू लावा.

खत घालू नका, झाड उंच वाढून आडवं पडतं. मुळं खोल जातात, तेव्हा मोठं झाल्यावर जागा बदलू नका. सहा-आठ फूट वाढणारं, पसरणारं झाड आहे, चिमूटभर वाफ्यात कोंबू नका. न्यूयॉर्क राज्यात राहत असाल तर लावूच नका, तिथे त्यावर बंदी आहे.

आणि सप्टेंबरात "वाळलंय" म्हणून छाटणाऱ्यांना काय म्हणावं! पिवळ्या फुलांवर उन्हाळाभर मधमाश्या असतात, तसे बी धरलं की गोल्डफिंच येतात. चौकोनी खोडाभोवती समोरासमोरची पानं जुळून द्रोण होतो, त्यात पावसाचं पाणी साठतं. बी टिपून झाल्यावर तो एवढासा पिवळा पक्षी द्रोणाच्या काठावर बसून चोच बुडवतो. मी एप्रिलपर्यंत कात्रीला हात लावत नाही.